बर्नार्डची दीर्घिका : धनू राशीतला एक पुसट डाग

पावसाळा सरून आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले की आश्विन अमावास्येच्या आगेमागे एक रात्र वेल्ह्याकडच्या पठारावर काढायची, हा आमच्या छोट्या गटाचा गेल्या काही वर्षांचा रिवाज आहे. शहरात आकाशकंदील लागलेले असतात आणि इथे हात पुढे केला तर बोटे दिसत नाहीत. संधिप्रकाश पूर्ण विझतो तोवर साडेसात वाजतात आणि धनू रास नैर्ऋत्येकडे कलू लागलेली असते. मी दर वर्षी पहिली दुर्बीण त्याच राशीच्या ईशान्य कोपऱ्याकडे, मकर राशीच्या हद्दीजवळ वळवतो. ५४ धनू आणि ५५ धनू हे पाचव्या प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) दोन तारे शोधायचे आणि तिथून उत्तरेला, किंचित पूर्वेकडे, दीडेक अंश सरकायचे. प्रथम काहीच दिसत नाही. मग डोळा स्थिरावतो, नजर जराशी तिरपी केली जाते, आणि काळ्या पाटीवर ओला फडका फिरवून तो वाळताना राहावा तसा एक लांबट, कडा नसलेला डाग तिथे असल्याचे जाणवते. या डागाचे नाव एनजीसी ६८२२ (एनजीसी ही तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांची एक यादी), म्हणजेच बर्नार्डची दीर्घिका.

माझ्या आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून दिसते ते एवढेच, आणि तेही सगळ्यांत कमी वर्धनाची नेत्रिका लावली तर. दीर्घिकेची एकूण तेजस्विता नवव्या प्रतीच्या आसपासची आहे. कागदावर हा आकडा सोपा वाटतो, पण तो सगळा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या व्यासाएवढ्या जागेवर पसरलेला असल्यामुळे कुठल्याच एका ठिकाणी तो पुरेसा उरत नाही. वर्धन वाढवले की डाग आणखी पातळ होऊन नाहीसा होतो. नवख्या मंडळींना मी ती दाखवतो तेव्हा बहुतेक जण शेजारच्या एनजीसी ६८१८ या निळसर-हिरव्या, टुमदार बिंबिकेवरच खूश होतात. ती बिंबिका म्हणजे आपल्याच आकाशगंगेतल्या एका मरणाऱ्या ताऱ्याने अंगावेगळे केलेले वायूचे कवच आहे. मोठ्या दृश्यक्षेत्राच्या नेत्रिकेत ही दोन्ही एकत्र मावतात, आणि मला त्या चौकटीचे फार अप्रूप वाटते : एका बाजूला विझत आलेला तारा आणि अर्ध्या-पाऊण अंशावर, सोळा लाख प्रकाशवर्षे पलीकडे, नवे तारे घडवत असलेली एक अख्खी दीर्घिका.

इंग्रजीत ज्यांना ठेंगण्या अनियमित दीर्घिका म्हणतात, त्यांच्यापैकी ही एक. मला मराठीत ‘बटू’ हा शब्द अधिक आवडतो, कारण श्वेत बटू ताऱ्यांमुळे तो आपल्या कानाला आधीच ओळखीचा आहे आणि त्यात हिणवण्याचा सूर नाही. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षे, तर या बटू दीर्घिकेचा छायाचित्रात सहज दिसणारा भाग जेमतेम सात हजार प्रकाशवर्षांचा. तिला सर्पिल भुजा नाहीत, मधला ठळक गाभा नाही. उत्तर-दक्षिण पसरलेला ताऱ्यांचा एक दांडा आहे आणि त्याच्या भोवती विखुरलेले तारे आहेत.

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड या अमेरिकी निरीक्षकाने ती १८८४ मध्ये एका लहानशा दुर्बिणीतून शोधली. बर्नार्ड नॅशव्हिलमधल्या अतिशय गरीब घरातला मुलगा. शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेला आणि कोवळ्या वयातच एका छायाचित्रकाराकडे कामाला लागलेला. पुढे धूमकेतू शोधल्याबद्दल मिळालेल्या बक्षिसांच्या पैशांतून त्याने घर बांधले. धूमकेतू शोधणाऱ्याची नजर पुसट डागांनाच सरावलेली असते, त्यामुळे हा डाग नेमका त्याला सापडावा यात नवल नाही. मात्र तो डाग म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

ते कळायला १९२५ साल उजाडावे लागले, आणि इथे मला एक गोष्ट जरा आग्रहाने सांगायची आहे. आकाशगंगेच्या पलीकडेही दीर्घिका आहेत हे एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिकेवरून सिद्ध केले, असे आपण शाळेपासून वाचतो, आणि ते खोटेही नाही. देवयानी आणि त्रिकोण या दीर्घिकांमधल्या सेफीड ताऱ्यांविषयीचे, म्हणजे ज्यांच्या तेजाच्या चढउताराच्या कालावधीवरून अंतर काढता येते अशा ताऱ्यांविषयीचे, त्यांचे टिपण १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टनच्या सभेत वाचले गेले. परंतु पूर्ण तपशिलासह, एकेका ताऱ्याच्या आलेखासह प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला मोठा निबंध देवयानीवर नव्हता. त्रिकोणातल्या दीर्घिकेवरचा निबंध १९२६ मध्ये आला, देवयानीवरचा तर १९२९ मध्ये. पहिला मान १९२५ मध्ये मिळाला तो एनजीसी ६८२२ ला. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रपट्ट्यांवर हबल यांना तिच्यात अकरा सेफीड तारे सापडले आणि त्यांवरून त्यांनी अंतर काढले सुमारे सात लाख प्रकाशवर्षे. आज आपण मानतो ते अंतर याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सोळा लाख प्रकाशवर्षांच्या घरात आहे. कारण सेफीड ताऱ्यांची मोजपट्टीच तेव्हा चुकीच्या ठिकाणापासून लावलेली होती, आणि ती दुरुस्त व्हायला १९५० च्या दशकात वॉल्टर बाडे यांचे काम यावे लागले. तरीही सात लाख हा आकडासुद्धा आकाशगंगेच्या तेव्हाच्या मोठ्यात मोठ्या अंदाजाच्या बाहेर जाणारा होता, आणि प्रश्न तिथेच निकालात निघाला.

शिवाय ती मोजपट्टी स्वतः कुठून आली? हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये पंचवीस रूपविकारी ताऱ्यांवरून आवर्तकाल आणि तेज यांचे नाते मांडले, ते तारे मॅजेलनच्या लहान मेघातले होते, आणि तो मेघदेखील एक अनियमित बटू दीर्घिकाच. विश्व केवढे आहे हे आपल्याला सांगणाऱ्या साखळीतल्या या दोन कड्या अशा दीर्घिकांनी पुरवल्या, ज्यांची छायाचित्रे दिनदर्शिकांवर कधी छापली जात नाहीत.

पण मला ती दरवर्षी ओढून नेते ते या इतिहासामुळे नव्हे, तर तिथे ताऱ्यांचा जन्म कसा होतो या प्रश्नामुळे. सर्पिल दीर्घिकेत त्याचे एक सोयीचे उत्तर असते : भुजांमधून वायू जाताना दाबला जातो, त्याचे घन ढग बनतात, ढग स्वतःच्या वजनाने कोसळतात आणि तारे पेटतात. भुजाच नसतील तर वायूला दाबणार कोण? आणि तरीही तारे तर बनत आहेत, तेही दिमाखाने. हबल यांनी त्या निबंधात या दीर्घिकेतल्या तेजोमेघांना रोमन आकडे दिले. त्यांपैकी पाचवा आणि दहावा, म्हणजे ‘हबल पाच’ आणि ‘हबल दहा’, हे दांड्याच्या उत्तर टोकाला आहेत. माझ्या एका मित्राच्या बारा इंची दुर्बिणीला ऑक्सिजनच्या दोन हिरव्या रेषाच तेवढ्या आत सोडणारा फिल्टर लावला, तेव्हा भोवतालचा सगळा डाग विझला आणि फक्त हे दोन बारीक ठिपके, एखाद्या फुगलेल्या ताऱ्यासारखे, तिथे उरले. मी त्या नेत्रिकेवरून बराच वेळ हललो नाही. दुसऱ्या दीर्घिकेतला तेजोमेघ, तिथल्या कोवळ्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने पेटलेला ऑक्सिजन, माझ्या स्वतःच्या डोळ्याने पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

हबल अवकाश दुर्बिणीने या दोन्ही मेघांची छायाचित्रे २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ‘हबल दहा’ सुमारे ११० प्रकाशवर्षे रुंद आहे. त्याच्या पोटात हजारो ताऱ्यांचा एक गुच्छ आहे आणि हे सगळे तारे गेल्या चाळीस लाख वर्षांतले, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अजून पाळण्यातले. ‘हबल पाच’ साधारण २०० प्रकाशवर्षांचा असून त्यातले सर्वांत प्रखर तारे सूर्याच्या लाखपट तेजस्वी आहेत. मृगातला तेजोमेघ आपण नुसत्या डोळ्यांनी पाहतो आणि थक्क होतो. हे दोन्ही त्याच्या कितीतरी पट मोठे आहेत. बटू दीर्घिकेचे घर लहान असले तरी तिथला पाळणा लहान असतोच असे नाही.

वायूची गोष्ट प्रकाशात दिसत नाही, त्यासाठी रेडिओ दुर्बीण हवी. उदासीन हायड्रोजन एकवीस सेंटीमीटर तरंगलांबीला एक क्षीण खूण सोडतो आणि तिच्यावरून वायू कुठे आहे, किती आहे आणि कोणत्या वेगाने हलतो आहे हे तिन्ही कळते. ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींच्या संचाने एर्विन डी ब्लोक आणि फाबियन वॉल्टर यांनी २००० मध्ये या दीर्घिकेचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्याने तिचे रूपच पालटून टाकले. आपल्याला दिसणारा दांडा म्हणजे नुसता मधला भाग. त्याच्याभोवती वायूची तबकडी कितीतरी दूरवर पसरलेली आहे आणि आकाशात ती पौर्णिमेच्या चंद्राहून मोठी जागा व्यापते. तिच्या आग्नेय भागात एक प्रचंड भोक आहे : सुमारे साडेसहा हजार बाय साडेचार हजार प्रकाशवर्षांचे, म्हणजे जवळजवळ दिसणाऱ्या दीर्घिकेएवढेच. वायव्येला वायूचा एक वेगळा वाटणारा पुंजका आहे, ज्याला त्यांनी सोबतीची दुसरी छोटी दीर्घिका मानले.

अशी भोके सहसा महाकाय ताऱ्यांच्या वाऱ्यांनी आणि त्यांच्या स्फोटांनी पडतात, असे समजले जाते. एका ठिकाणी पुष्कळ जड तारे एकदम जन्मले की तीसेक लाख ते काही कोटी वर्षांत ते एकामागून एक फुटतात, भोवतालचा वायू रेटून बाहेर ढकलतात, आणि कडेला साचलेल्या त्या वायूच्या भिंतीत पुढच्या पिढीचे तारे बनू शकतात. आकाशगंगेत मात्र असे भोक फार काळ टिकत नाही, कारण आतला भाग लवकर आणि बाहेरचा उशिरा फेरी पूर्ण करतो, आणि त्या ओढाताणीत भोक लांबट होऊन फाटून जाते. बटू दीर्घिकेचा बराचसा भाग मात्र जात्याच्या तळीसारखा एकसंध फिरतो. फिरण्याचा वेगही बेताचाच : बाहेरच्या कडेलासुद्धा सेकंदाला साठेक किलोमीटर, तर आपला सूर्य आकाशगंगेभोवती सेकंदाला २२० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. म्हणून इथे पडलेले भोक दहा कोटी वर्षे जुने असले तरी अजून भोकच राहते. ताऱ्यांच्या एका पिढीने केलेली उलथापालथ पुढच्या पिढीपर्यंत जशीच्या तशी पोहोचते. सर्पिल भुजांच्या घड्याळाऐवजी इथे ताऱ्यांचा जन्म आधीच्या ताऱ्यांनी केलेल्या पडझडीच्या आणि शेजाऱ्यांच्या ओढीच्या आधाराने चालतो, अशी माझी समजूत या नकाशाने पक्की केली आहे.

या संशोधनाचा एक धागा आपल्या नारायणगावजवळच्या खोडदपर्यंत येतो, आणि तो सांगताना मला खरोखर आनंद होतो. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे आपल्या जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या दरवर्षी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला जाणाऱ्यांनी पाहिल्या आहेत. याच तबकड्या वापरून आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठाहून अधिक अतिशय मंद अनियमित बटू दीर्घिकांतल्या हायड्रोजनचे नकाशे तयार केले. या सर्वेक्षणाचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या दीर्घिका एनजीसी ६८२२ पेक्षाही क्षीण आहेत. त्यांपैकी एनजीसी ३७४१ या दीर्घिकेत तर वायूची तबकडी ताऱ्यांच्या दिसणाऱ्या भागाच्या आठपटींहून अधिक दूरवर पसरलेली आढळली. बटू म्हटले की वामन आठवतोच, पण हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला त्याचे तिसरे पाऊल आठवले.

त्याच माहितीवर संबित रॉयचौधुरी आणि सहकाऱ्यांनी पुढे ताऱ्यांच्या जन्माविषयी जे काम केले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. एक तर अशा दीर्घिकांतली वायूची तबकडी भाकरीसारखी पातळ नसते, चांगली फुगलेली असते. गुरुत्वाकर्षण कमजोर असल्यामुळे वायू दाबून बसवायला बळच पुरत नाही. आणि दुसरे, सर्पिल दीर्घिकांवरून वायूची घनता आणि तारे बनण्याचा वेग यांचा जो नियम बांधला आहे, त्याच्या अपेक्षेपेक्षा इथे तारे कमी बनतात. मात्र अमुक घनतेखाली जन्म साफ थांबतो अशी ठाम सीमारेषाही सापडत नाही. वायू विरळ होत जातो, जन्म मंदावत जातो, पण पूर्ण बंद होत नाही.

मंदावण्याचे आणखी एक कारण धुळीत आहे. ताऱ्यांना जन्म देणारा वायू रेणूंच्या रूपात, थंड आणि दाट असावा लागतो, आणि हायड्रोजनचे अणू जोडीने एकत्र येऊन रेणू बनतात ते मुख्यतः धुळीच्या कणांच्या पृष्ठभागावर. धूळ बनते कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह अशा जड मूलद्रव्यांची, आणि ती मूलद्रव्ये आधीच्या ताऱ्यांनी शिजवून ठेवलेली असावी लागतात. बर्नार्डच्या दीर्घिकेत ती सूर्याच्या मानाने पंचमांश ते तृतीयांशच आहेत. धूळ कमी म्हणजे रेणू बनायला जागा कमी, आणि बनलेल्या रेणूंना अतिनील किरणांपासून मिळणारा आडोसाही कमी. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने या दीर्घिकेत कार्बन मोनॉक्साइड शोधला, तेव्हा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांत मोठमोठे ढग न दिसता सुमारे १५० छोट्या गाठी दिसल्या, सरासरी सात-आठ प्रकाशवर्षे त्रिज्येच्या. ढगाचा बाहेरचा भाग किरणांनी उघडा पाडलेला आणि अगदी आतल्या गाठीतच रेणू तग धरून, असे ते चित्र आहे. विश्वाच्या पहिल्या काही अब्ज वर्षांत बहुतेक सगळ्या दीर्घिका अशाच जड मूलद्रव्यांच्या तुटवड्यात तारे घडवत होत्या. त्या आपल्यापासून इतक्या दूर आहेत की त्यांच्यातला एकेक तारा वेगळा काढणे शक्य नाही. इथे मात्र ते घराशेजारी पाहता येते.

जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवलेली या दीर्घिकेची अवरक्त चित्रे मी संगणकावर पूर्ण आकारात उघडून एक अख्खी संध्याकाळ पाहिली. जवळच्या अवरक्तात धूळ पारदर्शक होते आणि तारेच तारे उसळतात; मध्य अवरक्तात ताऱ्यांची गर्दी मागे सरते आणि धुळीच्या झिरझिरीत पडद्यांचे जाळे पुढे येते, ज्याच्या फटींतून दूरदूरच्या दीर्घिका डोकावतात. ‘स्पिट्झर एक’ नावाचा एक भाग त्यात विशेष पाहण्याजोगा आहे. दृश्य प्रकाशात तो हबल यांच्या तेजोमेघांपुढे नजरेत भरत नाही, कारण तिथले तारे अजून धुळीच्या दुलईतून बाहेरच आलेले नाहीत. पण अवरक्तात तो या दीर्घिकेतला सर्वांत तरुण आणि सर्वांत जोमदार जन्मस्थानांपैकी एक ठरला आहे. हबल यांनी तेजोमेघांची यादी केली त्याला शंभर वर्षे होत असताना तिच्यात आणखी एक नाव वाढले.

मग ही दीर्घिका तरुण म्हणायची का? तसे म्हणता येत नाही. तिच्यात दहा अब्ज वर्षांहून जुने तारे आहेत आणि ‘हबल सात’ हा तर एक वृद्ध, गोलाकार तारकागुच्छ निघाला. जन्म फार पूर्वी सुरू झाला आणि कधी मंद, कधी जरा वेगाने असा चालत राहिला. आज तिथे शंभर वर्षांत सूर्याएवढ्या वस्तुमानाचे एक-दोन तारे बनतील एवढाच वायू खर्च होतो. आकाशगंगेत तेवढा सुमारे एका वर्षात होतो. पण तिच्याजवळचा हायड्रोजन सूर्याच्या तेरा कोटी पट आहे. साधा भागाकार केला तरी, आहे तो वायू आणखी दहा अब्ज वर्षांच्या आसपास पुरेल, आणि आकाशगंगेचा साठा आजच्या वेगाने त्याच्या कितीतरी आधी आटायला हवा. अशा दीर्घिकांना ‘अपूर्ण’ किंवा ‘अयशस्वी’ म्हणणारी वाक्ये मी वाचली आहेत आणि मला ती मान्य नाहीत. जिच्याकडे अजून निम्मी शिदोरी बांधलेलीच आहे, तिला अयशस्वी कसे म्हणावे?

हवाई बेटावरच्या सुबारू दुर्बिणीने २००३ मध्ये या तबकडीच्या दूरच्या टोकांपर्यंत शोध घेतला, तेव्हा जिथे नुसता वायू आहे असे वाटत होते तिथेही निळे, तरुण तारे विखुरलेले सापडले. वायव्येच्या त्या पुंजक्यातसुद्धा. गेल्या वर्षी पठारावर मी मुद्दाम दुर्बीण डागावरून वायव्येला थोडी सरकवली. नेत्रिकेत आपल्याच आकाशगंगेतले, वाटेत आड आलेले तारे तेवढे होते आणि त्यांच्यामागे निव्वळ काळोख. त्याच काळोखात, नकाशाप्रमाणे, तो पुंजका होता. धनू रास डोंगराआड जाईपर्यंत मी दुर्बीण तिथून हलवली नाही.